पांढरीखालचा महाराष्ट्र : पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया

नेवासे हे नाव उच्चारले की मराठी माणसाचे मन तेराव्या शतकात जाते. प्रवरेच्या काठचे हे गाव ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान म्हणून सर्वांना परिचित आहे. १९५४ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून एक पथक तंबू, दोऱ्या, मोजपट्ट्या आणि कुदळी घेऊन याच गावी येऊन उतरले, तेव्हा गावकऱ्यांनाही प्रथम असेच वाटले असणार की ही मंडळी माउलींच्या काळातील काही शोधायला आली आहेत. पथकाचे लक्ष मात्र गावालगतच्या लाडमोड नावाच्या उंच टेकाडावर होते. अशा टेकाडांना महाराष्ट्रात पांढर म्हणतात. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती यांनी ती बनलेली असते आणि शेतकरी ही पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून, घराच्या धाब्यासाठी म्हणून खणून नेत आले आहेत. त्या मातीबरोबर काय काय वाहून गेले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पथकप्रमुखांचे नाव होते हसमुख धीरजलाल सांकलिया. जन्माने गुजराती, वाढलेले मुंबईत, पुरातत्त्वाचे शिक्षण लंडनला आणि कर्मभूमी पुणे. त्यांच्या देखरेखीखाली लाडमोडच्या टेकाडात जसजसे चर खोल गेले तसतसा काळ मागे सरकत गेला. वर मराठा आणि मुसलमानी राजवटींचे थर, त्याखाली सातवाहनकालीन वस्ती आणि रोमन जगातून आलेल्या मद्यकुंभांची खापरे. त्याच्याही खाली, ज्यांच्या राजाचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही, अशा शेतकऱ्यांची घरे लागली. नदीच्या दरडीतील वाळू-गोट्यांच्या थरांत तर त्याहून फार जुनी दगडी हत्यारे आणि लुप्त झालेल्या रानबैलाच्या जातीचे जीवाश्म सापडले. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या या उत्खननाच्या अहवालाला इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाणारा प्रवास सुचवणारे नाव देण्यात आले. ते नाव सांकलियांच्या स्वतःच्या आयुष्यालाही लागू पडते.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, वकिली पेशाच्या कुटुंबात झाला. मूल इतके अशक्त होते की ते जगेल अशी आशा घरच्यांना नव्हती. पुढे आयुष्यभर नदीपात्रे तुडवणाऱ्या माणसाची ही सुरुवात. शाळकरी वयात त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर पडले. आर्य मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातले होते, असा सिद्धान्त टिळकांनी त्यात वेदांच्या आधारे मांडला आहे. त्या मुलाला त्यातले फारसे कळले नाही, पण भारतातील आर्यांविषयी आपण काहीतरी शोधून काढायचे, एवढा निश्चय त्याने केला. टिळकांनी संस्कृत आणि गणिताचा अभ्यास केला होता, म्हणून आपणही तेच विषय घ्यावेत असे त्याला वाटले. पुरातत्त्वासारख्या विषयाकडे एखादा माणूस अशा वाटेने येतो हे आज थोडे विचित्र वाटेल. मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात भारताचा प्राचीन इतिहास म्हणजे ग्रंथांचा इतिहास, ही समजूत सार्वत्रिक होती. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील शोध जगाला कळले ते १९२४ साली.

सांकलिया मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेरास यांच्या हाताखाली शिकले. नालंदा विद्यापीठावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि कायद्याची पदवीही घेतली. त्यानंतर ते लंडनला गेले. तेथे गुजरातच्या पुरातत्त्वावर डॉक्टरेटचे काम चालू असतानाच इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील मेडन कॅसल या प्राचीन टेकडीकोटाच्या उत्खननात ते सहभागी झाले. उत्खननाचे सूत्रधार मॉर्टिमर व्हीलर होते. शिस्तीसाठी आणि फटकळ स्वभावासाठी हे गृहस्थ प्रसिद्ध, पण जमिनीचा थर कसा वाचावा, चौकोनी चर आखून मधल्या भिंती का राखाव्यात, खापराचा प्रत्येक तुकडा कोणत्या थरातला याची नोंद का अटळ आहे, हे शिकावे तर त्यांच्याकडूनच. हेच व्हीलर १९४४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन आले. परदेशातून पदवी आणणारे विद्वान त्या काळी बरेच होते. सांकलियांनी पदवीसोबत हाताने काम करण्याची एक पद्धत आणली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत पदवीपेक्षा तीच जास्त उपयोगी पडली.

१९३९ साली पुण्यात एक महत्त्वाची घटना घडली. पाच वर्षांपूर्वी सरकारने बंद केलेले डेक्कन कॉलेज, म्हणजे स्वतः टिळक जेथे शिकले तेच महाविद्यालय, पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. इरावती कर्वे समाजशास्त्रासाठी तेथे आल्या आणि सांकलिया प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक म्हणून. संस्थेकडे पैसा बेताचाच होता. नव्या प्राध्यापकाने पुण्याच्या आसपास पायी भटकायला सुरुवात केली आणि वर्षभरातच भोसरीजवळच्या महापाषाणीय अवशेषांवर लिहिले. आज त्या भोसरीत कारखाने आणि इमारती यांच्यात दगडाला उभे राहायला जागा नाही.

प्रागितिहासाकडे मात्र त्यांना खऱ्या अर्थाने वळवले ते गुजरातने. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे भारतातील पुराश्मयुगाचे पहिले हत्यार ओळखले होते. पुढे साबरमतीच्या खोऱ्यातही त्याला अशी हत्यारे मिळाली. तेथे पुराश्मयुगीन थर आणि नंतरच्या शेतकऱ्यांच्या थरांमध्ये गाळाचा प्रचंड जाड पट्टा पाहून त्याने असे अनुमान केले की या दोन मानवसमूहांमध्ये फार मोठा खंड पडला असला पाहिजे. हे तपासण्यासाठी १९४१-४२ मध्ये सांकलियांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम निघाली. मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे वाऱ्याने साचलेल्या वाळूच्या उंचवट्यांत त्यांना नखाएवढ्या दगडी पात्यांचे, म्हणजे सूक्ष्मास्त्रांचे थर मिळाले आणि पुढच्या उत्खननांत त्याच थरांत हातपाय दुमडून पुरलेली माणसे मिळाली. इरावती कर्वे या कामात सामील झाल्या. सांगाड्यांचा अभ्यास मानवशास्त्रज्ञाने करायचा आणि थरांचा पुरातत्त्वज्ञाने, ही विभागणी भारतात तेव्हा नवी होती. लांघणजला गेंड्याचे एक खांद्याचे हाडही मिळाले. त्यावर ऐरणीसारखा वापर केल्याच्या खुणा होत्या. आज जेथे रेताड माळ आहे तेथे एकेकाळी गेंडा राहील इतके पाणी आणि गवत होते. शिकारीवर जगणारी ही माणसे फूटने कल्पिलेल्या खंडाच्या मधोमध बसली होती. एका प्रश्नाचे उत्तर मिळाले. पण शिकाऱ्याचा शेतकरी कधी आणि कुठे झाला, हा दुसरा प्रश्न मागे राहिला.

महाराष्ट्राविषयी त्या काळी दोन समजुती होत्या. पहिली अशी की दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या प्रदेशात आदिमानव राहिलाच नसावा, कारण हत्यारांसाठी लागणारा क्वार्ट्झाइट दगड येथे नाही. दुसरी अशी की महाराष्ट्राचा इतिहास सोपाऱ्याच्या अशोक-लेखापासून आणि सातवाहनांपासून सुरू होतो, त्याआधी होते ते दंडकारण्य. पहिली समजूत मोडली ती नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या पात्रात. तिथल्या माणसाने जवळ मिळणाऱ्या दुसऱ्या कठीण दगडाचीच हत्यारे घडवली होती. १९५२ साली सांकलियांनी त्यांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. नेवाशाला त्यांना या हत्यारांपेक्षा नंतरची, लहान छिलक्यांची, गारेच्या जातीच्या रंगीत दगडांची हत्यारे मिळाली आणि भारतातील मध्य पुराश्मयुगाचा टप्पा त्यांतूनच स्पष्ट झाला. दगड कसा फुटतो हे समजल्याशिवाय हत्यार ओळखता येत नाही, असा त्यांचा आग्रह असे. दगडी हत्यारांची घडण, त्यांची नावे आणि त्यांचे संभाव्य उपयोग यांवरचे त्यांचे पुस्तक कित्येक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती होते.

दुसरी समजूत मोडायला जोर्वे पुरेसे ठरले. संगमनेरजवळचे हे एक साधे खेडे. १९५०-५१ मध्ये शां. भा. देव यांना बरोबर घेऊन सांकलियांनी नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि मिळाली एक विशिष्ट प्रकारची खापरे : पातळ, उत्तम भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी खणखणणारी, नारिंगी-लाल पृष्ठावर काळ्या रेघांची भूमितीय नक्षी असलेली. लांब तोटीची भांडी आणि कडेला कोन असलेले वाडगे ही त्यांची खास ओळख. हीच खापरे मग तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा आणि घोड यांच्या काठी ठिकठिकाणी दिसू लागली आणि त्या सर्वांना एका खेड्याचे नाव मिळाले. राजधानीवरून किंवा राजवंशावरून कालखंडाला नाव देण्याची सवय असलेल्या इतिहासाला ही गोष्ट पचायला वेळ लागला.

ही माणसे तांबे वापरत, पण ते दुर्मिळ होते. रोजची कापाकापी गारेच्या पात्यांनी होई. त्यांचे जीवन प्रथम तपशीलवार दिसले ते महाराष्ट्राबाहेर, नर्मदेकाठी नावडातोली येथे. महेश्वरच्या समोरच्या तीरावरील या टेकाडावर १९५२-५३ आणि १९५७ ते १९५९ अशी उत्खनने झाली. गोल आणि चौकोनी झोपड्या, जमिनीत पुरलेले रांजण, चुली आणि जळून कोळसा झाल्यामुळे टिकून राहिलेले धान्य असे सारे तेथे मिळाले. सर्वांत खालच्या थरात गहू होता, तांदूळ त्यानंतर आला. मसूर, वाटाणा, लाख, जवस हेही होते. उत्खननात धान्याचा दाणा सापडला की पूर्वी त्याची नोंद होई आणि विषय संपे. सांकलियांनी ते दाणे वनस्पतिशास्त्रज्ञांकडे, हाडे प्राणिशास्त्रज्ञांकडे, माती रसायनतज्ज्ञांकडे पाठवली. साठच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-१४ मापनाची सोय झाली, तेव्हा या वस्त्यांच्या कोळशाला वर्षे मिळाली. सातवाहनांपूर्वी एक हजार वर्षे आणि त्याहून आधीही पश्चिम भारतात नांदती गावे होती, हे मग तर्कावर अवलंबून राहिले नाही.

येथेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड गाठ पडते. नावडातोलीला पन्हळीसारख्या तोटीचे वाडगे मिळाले. त्यांचे इराणमधील सियाल्क येथील भांड्यांशी असलेले साम्य सांकलियांना भुलवून गेले. शाळकरी वयात मनात रुजलेला प्रश्न तीस वर्षांनी नर्मदेच्या काठी समोर उभा राहिला होता : हे तर ते आर्य नव्हेत? त्यांनी ती शक्यता उघडपणे मांडली आणि पुन्हा पुन्हा मांडली. अडचण कालगणनेची होती. नावडातोलीचे थर सियाल्कच्या त्या भांड्यांहून जुने निघाले, आणि नातू आजोबाला जन्म देऊ शकत नाही. पुढच्या पिढीतील बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी खापरांच्या आकारावरून लोकांचे वंश ठरवण्याची ही पद्धतच बाजूला ठेवली. सांकलियांच्या कामातील ही कमकुवत बाजू होती यात शंका नाही. मात्र ज्या पुराव्यांनी त्यांची अटकळ पाडली ते त्यांनीच खणून, मोजून, थरानुसार नोंदवून ठेवलेले होते, आणि कोळशाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रहही त्यांचाच होता.

रामायणाच्या बाबतीतही त्यांनी वाद ओढवून घेतला. १९७३ साली त्यांनी रामायण ही दंतकथा की वास्तव, या विषयावर पुस्तक लिहिले आणि लंका समुद्रापलीकडे नसून मध्य भारतातच कुठेतरी असावी असे मत मांडले. श्रद्धाळू दुखावले, संशोधकही सगळे पटवून घेणारे नव्हते. साठी ओलांडलेल्या, मानमान्यता मिळालेल्या माणसाने या फंदात पडण्याची काही गरज नव्हती. पण ग्रंथातले वर्णन जमिनीवर तपासून पाहायचे ही त्यांची खोड जुनी होती.

नेवाशाला परत यावे लागते ते लहान मुलांसाठी. लाडमोडच्या त्या शेतकऱ्यांनी आपली मेलेली मुले गावाबाहेर नेली नाहीत. घराच्या जमिनीत खड्डा करून, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवून, त्यांत त्यांना पुरले आणि वरून जमीन सारवून घेतली. नेवाशाला शंभरावर दफने मिळाली आणि त्यांतील बहुतेक मुलांची होती. त्यांतल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या क्षारांमुळे मण्यांच्या भोकांत दोऱ्याचा अंश टिकून राहिला होता. तो तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम यांचे तंतू आढळले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या एका घरात तांबे इतके मोलाचे असतानाही कोणीतरी ते मुलाच्या गळ्यातून काढून घेतले नाही. अहवालात ही माहिती मण्यांच्या संख्येसह कोरडेपणाने नोंदवलेली आहे, आणि तसे नोंदवणेच योग्य होते.

सांकलियांच्या आयुष्यातील शेवटचे मोठे काम पुण्यापासून फार दूर नव्हते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ साली उत्खनन सुरू झाले आणि १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम चालले. मधुकर ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी प्रत्यक्ष भार वाहिला. तोवर भारतात टेकाडात एखादा अरुंद चर घेऊन कालक्रम ठरवला की काम संपत असे. इनामगावी एका गावाचा मोठा भाग आडवा उघडायचा असे ठरले. शंभराहून जास्त घरे उघडी झाली. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती तेथे होती. तिच्या भरभराटीच्या काळात मोठी चौकोनी घरे होती, पुराला अडवणारा बांध होता आणि नदीचे पाणी वळवून आणणारा कालवा होता. मुख्य पीक सातूचे. गहू, मसूर, वाटाणा, हुलगा ही जोडीला, आणि घरांत बोरांच्या आठळ्या. मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर आणि शेजारी धान्याचे कोठार होते. त्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण पुरलेला होता आणि त्यात एक प्रौढ पुरुष बसवलेला होता. गावातील इतर प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून त्यांना पुरलेले होते, बहुधा मृताने उठून गाव सोडून जाऊ नये म्हणून. रांजणातल्या या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. तो गावप्रमुख असावा, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे.

इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, खापरे ओबडधोबड झाली, शेती घटून शिकार आणि जनावरे यांच्यावरचा भार वाढला. पाऊस कमी होत गेल्यामुळे हे घडले, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. आणखी तीनशे वर्षांनी गाव उठले. ज्या शिरूर-पारनेर भागातील माणसे आजही दुष्काळात मुंबई-पुण्याची वाट धरतात, तेथल्या पहिल्या शेतकऱ्यांची ही कहाणी वाचताना इतिहास फार लांबचा वाटत नाही.

सांकलियांचे दुसरे मोठे काम म्हणजे त्यांचे विद्यार्थी. डेक्कन कॉलेजात जवळजवळ एकेक विद्यार्थ्याला एकेक नदी वाटून दिलेली असे. रा. वि. जोशी मलप्रभेच्या खोऱ्यात गेले, वीरेंद्रनाथ मिश्र राजस्थानातील बेडच नदीकडे, पद्दय्या उत्तर कर्नाटकात शोरापूर दुआबात. शरद राजगुरू नद्यांच्या गाळाचे भूविज्ञान सांगत. भारताच्या नकाशावरील प्रागैतिहासिक स्थळांचे मोठे जाळे या वाटपातून उभे राहिले. स्वतः सांकलियाही खुर्चीत बसून राहिले नाहीत. १९६९ साली, साठी पार केल्यावर, काश्मीरमध्ये पहलगामजवळ लिद्दर नदीच्या दरडीत त्यांना पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली. १९७४ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले. भारत आणि पाकिस्तान यांच्या प्रागितिहासावरील त्यांच्या बृहद्‌ग्रंथाची सुधारलेली आवृत्तीही त्याच वर्षीची.

निवृत्तीनंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्यात आपण पुरातत्त्वासाठीच जन्मलो, असे त्यांनी नावातूनच सांगून टाकले. जगणार नाही असे ज्याच्याविषयी वाटले होते त्या मुलाने ८० वर्षे पुरी केली. इनामगावच्या उत्खननाचा अहवाल १९८८ साली दोन खंडांत छापून आला. त्यावर तीन नावे आहेत आणि पहिले ढवळीकरांचे आहे, सांकलियांचे दुसरे. अहवाल निघाला त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २८ जानेवारी १९८९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.